बाराव्या होलवर वारा नव्हता

पन्नाशी पूर्ण झाली की आमच्या गोल्फ कोर्सवर कॅडीचा, म्हणजे साहेबांच्या पिशव्या वाहणारीचा, नंबर काढून घेतात. केक कापतात, फोटो काढतात, हातात फळांची टोपली देतात आणि घरी पाठवतात. कारण विचाराल तर म्हणे साहेबलोकांना ताजे चेहरे लागतात. अहो, चेहरा दिसतो कुठे आमचा? लांब बाह्या, हातमोजे, टोपी, आणि टोपीखाली नाकापर्यंत गुंडाळलेला फडका. डोळे तेवढे उघडे. नुसत्या डोळ्यांवरून वय ओळखणारा साहेब मला एकदा दाखवाच.

मी बुनमा. नंबर सत्तेचाळीस. थायलंडमधल्या कांचनाबुरीच्या या कोर्सवर सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या पिशव्या ओढल्या. मार्चमध्ये मला पन्नास पूर्ण होणार होती, आणि जानेवारीत मॅनेजर थनिनसाहेबांनी कॅडींच्या खोलीबाहेर नोटीस लावली. यंदाच्या कॅडी दिनाला जी सगळ्यात कमी फटक्यांत खेळेल, तिला सरावाच्या मैदानावर मदतनीस प्रशिक्षकाची नोकरी. कायमची, सावलीतली, आणि वयाची अट नाही.

ती वाचून मी तिथल्या तिथं ठरवलं, ही नोकरी माझी. कोणाला झोंबायचं तर झोंबू दे.

कॅडी दिन म्हणजे वर्षातला एक सोमवार. गिऱ्हाइकांना कोर्स बंद, आम्ही खेळतो आणि सदस्य साहेबलोक आमच्या पिशव्या उचलतात. त्यांना त्या दिवशी भारी मजा वाटते. आमच्यासारखे फडके गुंडाळतात, "मॅडम, कोणता नंबर देऊ?" असं चिरक्या आवाजात विचारतात आणि चौथ्या होलपर्यंत धापा टाकायला लागतात. जो पिशवी उचलेल त्यानंच फटके मोजायचे आणि शेवटी कार्डावर सही करायची. सही नसेल तर कार्ड म्हणजे कागदाचा चिटोरा.

खेळायला काठ्यांचा सेट मिळतो तो दुकानातला, भाड्यानं द्यायचा. बायकांचा सेट. गुलाबी मूठ, हलकं वजन, आणि शाफ्टवर, म्हणजे दांड्यावर, एलची पट्टी. एल म्हणजे लेडीज. शाफ्ट किती वाकतो त्यावरून ही अक्षरं लावतात. बायकांचा एल सगळ्यात लवचीक, मग आर, मग एस, आणि सगळ्यात कडक तो एक्स. ही अक्षरं ज्यानं ठरवली त्याला एकदा भेटायचंय मला. शाफ्टला काय कळतंय, धरणारा हात बाईचा आहे की बाप्याचा? त्याला फक्त वेग कळतो.

आणि वेग माझ्याकडं आहे. मी बाराव्या वर्षापासून लग्न होईपर्यंत ऊस तोडलाय. जोरात घाव घालणाऱ्याच्या हातात लवलवती मूठ दिली तर कोयता भलतीकडंच जातो, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. गुलाबी सेटचंही तेच व्हायचं. मी फिरवला की शाफ्ट लचकायचा, काठीचं लोखंडी तोंड आधीच डावीकडं वळायचं आणि चेंडू उंच उडून डावीकडं पळायचा. आमच्या कोर्सवर सहा होलच्या डावीकडं पाणी आहे. सहा वर्षं कॅडी दिनाला खेळले आणि सहाही वर्षं तळ्यातले मासे माझ्या नावानं हसले. वर थनिनसाहेब दर वेळी दात काढत म्हणायचे, "सत्तेचाळीस, अगं जरा नाजूक मार ना."

नाजूक मार म्हणे! मी काय डास मारत होते?

दुकानामागं एक पिंप आहे. त्यात मोडके, बेवारशी क्लब, म्हणजे खेळायच्या काठ्या, टाकतात. नोटीस लागली त्या संध्याकाळी मी त्यातून एक सहा नंबरचा आयर्न, म्हणजे लोखंडी तोंडाचा क्लब, उपसला. पोलादी शाफ्ट, एसची पट्टी, मूठ फाटलेली. कॅडींना संध्याकाळी शेवटचे तीन होल खेळायची मुभा असते. मी तोंडाला लावायची थंड पावडर आयर्नच्या तोंडाला फासली, म्हणजे चेंडू कुठं लागतो त्याची खूण पडते. आधी गुलाबी सहा नंबरनं दहा चेंडू मारले. दहा खुणा दहा ठिकाणी, कोंबडी फिरून गेल्यासारख्या. मग पिंपातल्या आयर्ननं दहा मारले. नऊ खुणा मधोमध, एकावर एक. आणि चेंडू? सरळ. सुतासारखे सरळ.

मला रडूच फुटलं, खोटं कशाला सांगू. सहा वर्षं मी स्वतःला शिव्या घातल्या होत्या. वय झालं, हात बिघडला, नशीबच फुटकं. आणि माझ्यात काही म्हणजे काहीच बिघडलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच थनिनसाहेबांपुढं जाऊन उभी राहिले. म्हटलं, "साहेब, कॅडी दिनाला मला पुरुषांचा एस शाफ्टचा सेट द्या."

"बायकांना बायकांचाच सेट," ते मोबाईलमधून मान वर न करता म्हणाले. "मनगट दुखावलं तर जबाबदारी कोणाची? हां, स्वतःचा सेट असेल तर खुशाल आण. बंदी नाही."

आणि हसले. ते का हसले ते मला कळलं. आमच्या ऐंशी बायकांत एकीकडं तरी स्वतःचा सेट आहे का? काय बिशाद!

पण माझ्या मापाचा एक सेट मला माहीत होता. पोलादी, एस शाफ्टचा, पुरुषी लांबीचा, आणि मी अंगानं उंच आहे. गेली अकरा वर्षं दर बुधवारी नि शनिवारी मी तोच पुसत होते. तो होता कर्नल वीरयुतांचा.

कर्नलसाहेब एकाहत्तर वर्षांचे. बुटके, सडपातळ, छाती मात्र अजून कवायतीत असल्यासारखी पुढं. निवृत्त होताना घेतलेले ते आयर्न. तेव्हा ठीक असतील, पण आता त्यांच्या खांद्यात वेग उरला नव्हता. कडक शाफ्ट त्यांच्यासाठी जरासुद्धा वाकायचा नाही. चेंडू जमिनीसरसा निघायचा, उजवीकडं सरकायचा आणि वीस पावलं अलीकडंच बसायचा.

हे त्यांना ठाऊक नव्हतं. का नव्हतं? तर माझ्यामुळं. हे सांगायला मला लाज वाटते, पण सांगते. आमच्या धंद्यात चांगल्या कॅडीला एक कला येते. साहेबानं सात नंबर मागितला आणि तो पोचणार नाही असं दिसलं, की फडक्यानं पुसत पुसत सहा काढायचा (आकडा जितका लहान, चेंडू तितका लांब), आकड्यावर अंगठा ठेवायचा आणि हातात द्यायचा. चेंडू ग्रीनवर, म्हणजे झेंड्याभोवतीच्या हिरवळीवर, गेला की ओरडायचं, "वा साहेब, काय सात नंबर मारलात!" आणि तरीही नाही पोचला तर वाऱ्यावर ढकलायचं. माझ्या मेलीच्या त्या अंगठ्यानं अकरा वर्षं कर्नलसाहेबांना जवान ठेवलं होतं.

त्या बुधवारी ते दोन मित्रांबरोबर खेळत होते. एक दातांचे डॉक्टर, एक तांदळाच्या गिरणीचे मालक. बाराव्या होलवर आलो. छोटा होल, चेंडू थेट ग्रीनवर टाकायचा, पुढ्यात वाळूचा मोठा खड्डा. आजूबाजूच्या शेतांत ऊस पेटवला होता आणि काजळी पडत होती. कर्नलसाहेब मित्रांना सांगत होते, "बँकॉकहून नवीन सेट मागवलाय. एक्स शाफ्ट. एस आता मला मऊ पडायला लागलाय."

"क्या बात है!" डॉक्टर म्हणाले. गिरणीवाल्यांनीही मान डोलावली. मग माझ्याकडं न बघता साहेबांनी हात मागं केला. "सत्तेचाळीस, सात नंबर."

माझा हात सवयीनं सहाकडं गेला. मग काय झालं कोण जाणे, डोकंच सणकलं. मी कडक शाफ्टसाठी दारोदार भीक मागतेय, आणि ज्याला तो झेपत नाही तो त्याहून कडक मागवतोय, नि ते माझ्याच अंगठ्याच्या जोरावर! मी सात काढला. खराखुरा सात. दिला हातात.

चेंडू उजवीकडं वाकत खड्ड्यात जाऊन पडला. धप्पकन.

"वारा आला का गं?" साहेब म्हणाले.

काजळी सरळ खाली पडत होती. एक कण इकडचा तिकडं होत नव्हता.

"वारा नाही साहेब," मी म्हटलं. "हे आयर्न तुमच्या अंगाचे नाहीत. हे तुम्हाला कडक पडतात, म्हणून चेंडू उठत नाही. एक्स घेतलात तर खड्ड्यापर्यंतसुद्धा जाणार नाही."

डॉक्टरांना खोकला आला. साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. "शनिवारी याच होलवर मी याच सात नंबरनं झेंड्याजवळ टाकला होता. विसरलीस?"

"तो सहा होता."

"काय?"

"सहा होता साहेब. मी आकड्यावर अंगठा ठेवून दिला होता. आत्ताच नाही, अकरा वर्षं देतेय. चुकलं माझं."

मला वाटलं, आता हा माणूस तोच आयर्न माझ्या डोक्यात घालणार. पण त्यांनी तो माझ्या अंगावर फेकला. "तुला फार कळतं ना? मार. बघू दे मला. मारून दाखव!"

गिऱ्हाइकांच्या खेळात कॅडीनं फटका मारला तर तिला कामावरून काढतात. मला ठाऊक होतं. पण माझंही रक्त तापलं होतं. गेली नोकरी खड्ड्यात, म्हटलं, आणि चेंडू ठेवला. मारला. खड्डा ओलांडून चेंडू ग्रीनवर टेकला, दोन उड्या मारल्या आणि थांबला.

कोणी 'वा' म्हटलं नाही. कर्नलसाहेब वळले, कोर्सवरच्या छोट्या गाडीत बसले आणि पिशवी तिथंच टाकून निघून गेले. मी ती सहा होल खांद्यावरून वाहत आणली.

संध्याकाळपर्यंत कोर्सभर झालं. कॅडींची मुख्य सायफिनताई मला खोलीत घेऊन गेली, दार लावलं आणि कपाळावर हात मारला. "अगं बाई, तुला वेड लागलंय का? कॅडी दिनाला पाच दिवस उरलेत, नोकरी तोंडाशी आलीय, आणि तू कर्नलना म्हातारं म्हणालीस?"

"म्हातारं नाही म्हटलं ताई. आयर्न बसत नाहीत म्हटलं."

"एकच झालं ते! जा, फुलांची माळ घे, पाया पड. म्हण, उन्हानं डोकं फिरलं होतं."

"माळ घेते, पाया पडते," मी म्हटलं. "खोटं दिल्याबद्दल माफी मागते. खरं बोलल्याबद्दल नाही मागणार."

ताईनं हात टेकले.

शनिवारी कर्नलसाहेब क्लबहाऊसच्या ओसरीत एकटेच बसले होते. मी मोगऱ्याची माळ घेऊन गुडघ्यावर बसले, जमिनीला डोकं टेकवलं आणि ठरवलं होतं तेवढंच बोलले. "अकरा वर्षं खोटं दिलं साहेब. ते चुकलं. माफ करा."

"आणि बाराव्या होलवर जे बोललीस ते?"

"ते खरं होतं."

त्यांनी माळ घेतली नाही. चहात चमचा फिरवला. "एक फटका कोणालाही लागतो," मग म्हणाले. "नशिबानं लागतो. अठरा होल त्या आयर्ननं खेळून दाखव. तिसऱ्या होलला हात सुजतील तुझे. सोमवारी माझा सेट घे. पिशवी मी उचलणार. तू तोंडावर आपटलीस की ते मला जवळून बघायचंय."

मी म्हटलं, "घेते." दुसरा विचारच केला नाही. रागानं का होईना, सेट मिळत होता.

सोमवारी पहिल्या होलवर थनिनसाहेब माईक घेऊन विनोद करत होते. मला कर्नलच्या पिशवीतून आयर्न काढताना बघितलं आणि त्यांचा विनोद घशातच अडकला. जवळ येऊन म्हणाले, "हे काय? बायकांचा सेट कुठाय?"

"तुम्हीच म्हणालात ना साहेब, स्वतःचा असेल तर खुशाल आण?"

"हा तुझा आहे का?"

"आज तिचाच आहे," मागून कर्नलसाहेब गुरगुरले. पिशवीचा पट्टा त्यांच्या खांद्यात रुतला होता. "खेळू दे तिला. आपटू दे."

थनिनसाहेब माईक घेऊन बाजूला झाले.

माझ्या गटात पिम होती. तेवीस वर्षांची, बांबूसारखी बारीक, आमच्यातली सगळ्यात तयारीची पोरगी. तिच्या हातात गुलाबी सेट होता आणि तो तिला छान बसायचा. तिची लयच तशी, संथ. एल शाफ्ट तिच्यासाठी नेमका वेळेवर वाकायचा आणि चेंडू अलगद उठायचा. मी तिला म्हटलंसुद्धा, "पोरी, तुला कोणी कडक शाफ्ट घे म्हटलं तर घेऊ नकोस हो."

"मावशी, तुम्ही मला हरवायला आलात की शिकवायला?" ती हसत म्हणाली.

"दोन्हीला."

तिसऱ्या होलच्या डावीकडं सगळ्यात मोठं तळं आहे. तिथं उभी राहिले. सहा वर्षांची सवय, शरीर विसरत नाही. चेंडू डावीकडं जाणार म्हणून मी आपसूक उजवीकडं तोंड करून उभी होते. मग स्वतःलाच दम दिला, बुनमा, सरळ उभी राहा. राहिले. मारला. चेंडू मधोमध गेला. मी हातमोजा काढून कर्नलसाहेबांना तळवा दाखवला. "बघा साहेब, सुजला का?"

त्यांनी कार्डावर आकडा लिहिला आणि चालू लागले.

सगळंच काही छान झालं नाही. सातव्याला वाळूत दोन फटके गेले. दहाव्याला हातभर अंतरावरून चेंडू भोकात घालता आला नाही, तेव्हा मी अशी शिवी हासडली की पिमनं कानावर हात ठेवले. गुडघा ठणकत होता. पण आयर्न? एकदासुद्धा दगा दिला नाही. जिथं बघितलं तिथं चेंडू गेला. असं माझ्या आयुष्यात कधी झालं नव्हतं, आणि मला वाटत होतं की अठराच्या पुढंही होल असावेत.

बाराव्यावर साहेबांनी पिशवी खाली ठेवली. घामानं त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. पहिल्या होलनंतर आत्ता कुठं त्यांनी तोंड उघडलं. "कोणता?"

"सात."

त्यांनी सात काढला, आकडा नीट बघितला, फडक्यानं पुसला आणि दिला. मी ग्रीनवर टाकला. त्यांनी चेंडू पडला त्या जागेकडं एवढा वेळ बघितलं की शेवटी पिमला म्हणावं लागलं, "साहेब, माझी पाळी आहे, जरा बाजूला होता का?"

अठरावा संपला. पिमचे पंच्याऐंशी झाले. माझे ब्याऐंशी. बाकी सगळ्या नव्वदच्या वर.

कर्नलसाहेब त्या आयर्ननं कधी नव्वदच्या खाली आले नव्हते, माझा अंगठा धरूनसुद्धा.

चिंचेच्या झाडाखाली जेवणाची टेबलं मांडली होती. भाजलेली कोंबडी, चिकट भात, पपईची झणझणीत कोशिंबीर. बायका हसत-खिदळत होत्या आणि थनिनसाहेब माईकवरून कार्डं गोळा करत होते. कर्नलसाहेब टोकाच्या टेबलावर एकटे बसले. समोर माझं कार्ड, हातात पेन. मी शेजारी उभी. आकडे सगळे भरलेले, बेरीज केलेली. सहीची जागा तेवढी कोरी.

"बस," ते म्हणाले.

मी बसले.

"सही केली तर उद्या अख्खा कोर्स म्हणेल, कर्नलच्या आयर्ननं त्याच्या कॅडीनं ब्याऐंशी काढले आणि कर्नलला नव्वद जमत नाहीत."

"म्हणतील," मी म्हटलं.

"डॉक्टर आणि गिरणीवाला आत्ताच हसतायत. तिकडं बघू नकोस." पेनचं टोपण ते काढत होते, लावत होते. मग आवाज खाली आला. "तुला ही नोकरी हवीय. मला ठाऊक आहे मार्चमध्ये तुझं काय होणार ते. एक वाक्य बोल. जेवताना, सगळ्यांदेखत. म्हण, त्या दिवशी बाराव्यावर वारा होता आणि तुला दिसला नाही. बस्. एवढंच. मी सही करतो."

एवढंच. अकरा वर्षांत हे वाक्य मी हजार वेळा बोलले असेन. फुकट बोलले, बक्षिशीच्या आशेनं बोलले, नुसती सवय म्हणून बोलले. आज त्याच्या बदल्यात नोकरी मिळत होती. सायफिनताई लांबून डोळे मोठे करून मला खुणावत होती, बोल गं बाई, बोल. माझा गुडघा म्हणत होता बोल. साहेबांची मला दयाही आली, खरंच आली. एवढा मोठा माणूस आणि माझ्याकडं वारा मागत होता.

पण मी बोलले असते तर उद्या त्या सरावाच्या मैदानावर काय केलं असतं? एखादी बाई माझ्यासारखे डावीकडं मारत आली असती आणि मी तिला म्हटलं असतं, जरा नाजूक मार?

"नाही साहेब," मी म्हटलं. "वारा नव्हता."

"नोकरी जाईल."

"जाऊ दे."

"पन्नाशीला काय करणार आहेस?"

"ऊस तोडीन. हात अजून चालतोय, तुम्ही अठरा होल बघितलाय. पण तुम्हाला आता मी काही खोटं देणार नाही. सही करायची तर ब्याऐंशीवर करा. नसेल करायची तर फाडा कार्ड. लवकर काय ते करा, कोंबडी गार होतेय."

माझा आवाज चढला होता, ते मला नंतर कळलं. आजूबाजूच्या दोन टेबलांवरचं बोलणं थांबलं होतं. थनिनसाहेब माईक हातात धरून तिथंच उभे राहिले. "कर्नलसाहेब, सत्तेचाळीसचं कार्ड? सही नसेल तर मी पिमचं नाव..."

"थांब जरा!" कर्नलसाहेब एवढ्या जोरात ओरडले की झाडावरच्या चिमण्या उडाल्या. त्यांचे डोळे भरले होते. राग होता, अपमान होता, अजून काय काय होतं, मला सगळं नाही वाचता आलं. त्यांनी कार्ड पुढं ओढलं आणि सही केली. एवढी दाबून की कागद फाटला. मग उठून थनिनसाहेबांच्या छातीवर ते कार्ड आदळलं.

"ब्याऐंशी," ते म्हणाले. "एकूण एक फटका मी मोजलाय. शंका असेल तर मला विचार, तिला नको."

बायकांनी जो गिल्ला केला तो नदीपलीकडं ऐकू गेला असेल. पिमनं येऊन मला मिठी मारली, रडतच होती बिचारी. तिलाही नोकरी हवी होती, त्याचं मला वाईट वाटलं. पण माघार घ्यावी असं नाही वाटलं.

त्या गोंधळात कर्नलसाहेब पिशवीजवळ गेले. वाकले, पट्टा धरला, पण ती काही केल्या उचलेना. दिवसभराचा शीण. मी धावले, हात पुढं केला.

"हात लावू नकोस," ते म्हणाले. दोनदा प्रयत्न करून त्यांनी ती खांद्यावर घेतली. थोडे झोकांडले. डॉक्टरांच्या टेबलासमोरून, गिरणीवाल्यांसमोरून, सगळ्या बायकांसमोरून ती पिशवी वाहत ते गाडीपर्यंत गेले. मी दोन पावलं मागून चालत होते, मदतीला नाही, नुसतीच. गाडीचं दार उघडून त्यांनी पिशवी आत लोटली आणि दाराला धरून दम खात उभे राहिले.

"बँकॉकचा सेट परत पाठवता येतो," ते माझ्याकडं न बघता म्हणाले. "त्याऐवजी काय घेऊ?"

"आधी तुमचा वेग बघावा लागेल. गुलाबी सेटमधला सात नंबर मारून बघू, मग त्याहून थोडा कडक. जो बसेल तो घ्यायचा. आणि पट्टी जी असेल तीच राहील. एल असेल तर एल. मी खरवडून देणार नाही."

त्यांचा जबडा घट्ट झाला. मला वाटलं, आता दार आपटून जाणार. ते गाडीत बसले, काच खाली केली.

"मैदान कधी उघडतं?"

"सकाळी सहाला."

"उद्याच येतो."

"या," मी म्हटलं. "पण पिशवी तुमची तुम्हीच आणायची."